एमबीएच्या वर्गात 'लीडरशिप' म्हणजे नेमकं काय शिकवतात, आणि पाच माणसांच्या धंद्यात त्याचं काय करायचं?



"सर, स्वतःचा धंदा करायचाय. पण आधी एमबीए करू का? लीडरशिप शिकल्याशिवाय माणसं कशी सांभाळणार?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. दोन वर्षांचा वेळ आणि घरातला मोठा पैसा पणाला लागणार असतो. म्हणून आधी बघू, पदव्युत्तर वर्गात नेतृत्व या विषयात शिकवतात तरी काय. मग त्यातलं तुमच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये, क्लाउड किचनमध्ये काय चालतं ते बघू. पदवी घ्यायची की नाही, हा मुद्दा शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही एकटे आहात तोवर धंदा म्हणजे माल, गिऱ्हाईक आणि गल्ला. दुसरा माणूस पगारावर आला की त्याच दिवसापासून नेतृत्व सुरू होतं. तुम्हाला कळो अथवा न कळो.

हा हिशोब करून बघा. समजा, तुमचं फरसाणाचं दुकान आहे. काउंटरवरचा तयार मुलगा सोडून गेला. नवीन आला. त्याचा हात काट्यावर बसेपर्यंत तो दिवसाला २०० ग्रॅम माल जास्त देतोय असं धरू. दोन महिन्यांत झाले १२ किलो. २४० रुपये किलोने २,८८० रुपये गेले, तेही फक्त वजनात. चुकलेले भाव, नाराज गिऱ्हाईक आणि शिकवण्यात गेलेला तुमचा वेळ अजून धरलाच नाही. म्हणजे माणूस का टिकला नाही, हा प्रश्न थेट तुमच्या गल्ल्याचा आहे.

वर्गात हा विषय कुठे येतो?

आपल्याकडचं एमबीए साधारण दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं. पहिल्याच वर्षी 'ऑर्गनायझेशनल बिहेवियर' नावाचा विषय असतो, म्हणजे संस्थेत माणसं कशी वागतात आणि का वागतात त्याचा अभ्यास. नेतृत्व हा त्यातला एक मोठा भाग. पुढे मनुष्यबळ हा विषय घेतला की त्याचा स्वतंत्र पेपरही असू शकतो. परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, फक्त नेतृत्व आणि व्यवस्थापन यावर एक वर्षाची मास्टर्स पदवीही मिळते.

सगळीकडे शिकवण्याचे पाय दोनच. एक सिद्धांत, म्हणजे संशोधकांनी काय शोधलं ते. दुसरा सराव, म्हणजे खऱ्या संस्थेची केस वाचून 'तुम्ही असता तर काय केलं असतं' यावर वाद घालायचा. दोन्ही बघू.

१. नेता जन्माला यावा लागतो का?

सुरुवातीच्या संशोधकांना वाटायचं, नेत्यात काही खास गुण असतात. उंची, आवाज, आत्मविश्वास, हुशारी. गुणांची यादी सापडली की नेता ओळखता येईल. १९४८ साली राल्फ स्टॉगडिल या अमेरिकन अभ्यासकाने तोवरचं संशोधन तपासलं आणि सांगितलं, की नुसत्या गुणांवर माणूस नेता होत नाही. एका प्रसंगात नेता ठरलेला माणूस दुसऱ्या प्रसंगात ठरेलच असं नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. "माझा स्वभावच मवाळ आहे, मला माणसं सांभाळता येणार नाहीत" हे कारण गळून पडलं. स्वभाव मदत करतो, पण निकाल लावत नाही.

२. शेठ बाहेर गेले की दुकानाचं काय होतं?

१९३९ साली कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत लहान मुलांच्या छोट्या गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसांनी हे गट तीन तऱ्हांनी चालवले. एका तऱ्हेत सगळे हुकूम नेत्याचे. दुसरीत चर्चा करून निर्णय. तिसरीत 'काय करायचं ते करा', नेता नुसता उभा.

हुकमी गटात काम तर भरपूर व्हायचं. पण नेता खोलीबाहेर गेला की ते लगेच ढेपाळायचं. चर्चेच्या गटात नेता नसतानाही काम बऱ्यापैकी चालू राहायचं. आणि मोकाट सोडलेल्या गटाचं काही खरं नव्हतं.

आता स्वतःला विचारा. तुम्ही लग्नाला दोन दिवस गावी गेलात तर दुकान चालतं का? फोन किती वेळा येतो? मालकाची पाठ वळताच काम थांबत असेल, तर 'कामगार आळशी आहेत' हे एक कारण झालं. 'सगळं माझ्या हुकमावर चालतं' हे दुसरं. बऱ्याचदा दुसरंच खरं निघतं.

३. काम आणि माणूस, दोन्ही एकदम

पुढे १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नेत्याच्या वागण्याचे दोन मुख्य भाग काढले. एक म्हणजे कामाची चौकट लावणं: कोणी, काय, कधी, कसं. दुसरा म्हणजे माणसाची कदर: विचारपूस, विश्वास, आदर. महत्त्वाचं हे की हे एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. एक वाढलं की दुसरं कमी होतं असं नाही. तुम्ही कामाला कडक आणि माणसाला प्रेमळ, असे एकाच वेळी असू शकता.

आपल्याकडे गोंधळ इथेच होतो. "जास्त गोड वागलो तर डोक्यावर बसतील." अहो, डोक्यावर बसतात ते चौकट नसल्यामुळे, गोडव्यामुळे नाही. कामावर यायची वेळ ठरलेली नाही, उचल किती द्यायची याचा नियम नाही, सुट्टी कशी मागायची ते सांगितलेलं नाही. मग तुम्ही गोड वागा नाहीतर खेकसा, घोळ होणारच.

४. सांगा, पटवा, विचारा, सोपवा

१९६९ मध्ये पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी मांडलेली कल्पना जगभरच्या ट्रेनिंगमध्ये आजही शिकवतात. समोरचा माणूस त्या कामात किती तयार आहे त्यानुसार वागण्याची पद्धत बदला. मी चार शब्दांत सांगतो.

- सांगा: नवीन मुलगा, काम येत नाही. "काट्यावर आधी पिशवी ठेवायची, शून्य करायचं, मग माल." पायरी-पायरीने सांगायचं आणि बघत राहायचं.
- पटवा: थोडं जमायला लागलंय, पण घाई करतो, मध्येच कंटाळतो. आता नुसतं काय करायचं ते नाही, का करायचं तेही सांगायचं.
- विचारा: काम येतं, पण स्वतः निर्णय घ्यायला कचरतो. "दिवाळीला चकलीचे किती घाणे काढावे लागतील? तुझा अंदाज काय?"
- सोपवा: जुने कारागीर. "काका, भट्टी तुमची. मला फक्त संध्याकाळी सांगा किती माल उतरला." आणि खरोखर मध्ये जायचं नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की हे चार शिक्के माणसाला नाही, कामाला लावायचे. तेच काका भट्टीवर 'सोपवा' मध्ये असतील, पण ऑनलाइन ऑर्डरचं ॲप हातात दिलं की 'सांगा' मध्ये. वीस वर्षांच्या अनुभवी माणसाला नवीन काम देताना आपण शिकवायला लाजतो. मग तो चुकतो, आपण चिडतो, आणि चांगला माणूस दुखावतो.

पदव्युत्तर वर्गात याच्यापुढचा प्रश्नही विचारतात: 'याला पुरावा काय?' या मॉडेलला संशोधनातून मिळालेला आधार कमजोर आहे, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. म्हणजे ते फेकून द्यायचं का? नाही. विचार करायला सोपी चौकट म्हणून वापरा, पण दगडावरची रेघ समजू नका. प्रेरणादायी भाषण आणि अभ्यास यांतला फरक हाच. भाषण टाळ्या घेतं, अभ्यास पुरावा मागतो.

५. पगारापुरतं काम की पगारापलीकडचं?

१९७८ मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी नेतृत्वाचे दोन प्रकार मांडले. पहिला देवाणघेवाणीचा: तू काम कर, मी पगार देतो. दुसरा माणसाला बदलवणारा: नेता समोरच्याला मोठा हेतू दाखवतो आणि तोही वाढतो. १९८५ मध्ये बर्नार्ड बास यांनी ही कल्पना संस्थांपर्यंत आणून पुढे नेली. बास यांचं म्हणणं, एक प्रकार दुसऱ्याची जागा घेत नाही. चांगला नेता दोन्ही वापरतो.

नवउद्योजक इथे उलटी चूक करतात. 'आपण सगळे एक परिवार', 'आपलं स्वप्न मोठं आहे', असं पहिल्याच मीटिंगला बोलतात, आणि पगार मात्र महिन्याच्या बारा तारखेला देतात. आधी देवाणघेवाण चोख करा. ठरलेल्या तारखेला पगार, ओव्हरटाइमचा हिशोब लिहून. त्या पायावर स्वप्न उभं राहतं.

६. 'आपला माणूस' आणि बाकीचे

१९७० च्या दशकात जॉर्ज ग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की नेता सगळ्यांशी सारखा वागत नाही. काही जण आतल्या गोटात असतात. त्यांना विश्वास, माहिती, सवलत मिळते. बाकीच्यांना नियमावर बोट. पाच माणसांच्या धंद्यात हा भेद लपत नाही. भाचा उशिरा आला तर चालतं आणि बाहेरचा मुलगा आला तर पगार कापला जातो, हे सगळे बघत असतात. कौटुंबिक धंद्यात हीच गोष्ट माणसं घालवते. नातं घरी ठेवा, हजेरी सगळ्यांची एकाच वहीत.

७. हे सगळं अमेरिकेचं. आपलं काय?

चांगला प्रश्न. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये 'नर्चरंट टास्क लीडर' हे मॉडेल मांडलं. मराठीत आपण 'जोपासणारा पण कामाला पक्का' असं म्हणू. त्यांचं निरीक्षण असं, की आपल्याकडे हाताखालच्या माणसाला वरिष्ठाशी व्यक्तिगत नातं हवं असतं, मार्गदर्शन हवं असतं. थेट 'तुम्हीच ठरवा' म्हटलं तर तो गोंधळतो. म्हणून नेत्याने आधी माया द्यावी, पण ती कामाशी जोडलेली असावी. काम चांगलं करणाऱ्याला जवळ घ्यावं. तो तयार होत गेला की हळूहळू निर्णयात सामील करून घ्यावं.

आपल्या जुन्या पेढ्यांवर, तालमींत, सुतार-सोनारांच्या हाताखाली हेच तर चालायचं. उस्ताद ओरडायचा, शिकवायचा आणि घरी जेवायलाही न्यायचा. फक्त एक सावधगिरी: माया हा हक्क गाजवायचा परवाना नव्हे. "मी तुला लेकरासारखं वागवलं" म्हणत पगार अडवणं यात बसत नाही.

८. चूक लपते कुठे?

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयातल्या टीमचा अभ्यास केला. अपेक्षा होती, की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त! मग उलगडा झाला, की तिथली माणसं चुका उघडपणे बोलत होती. बाकीच्या ठिकाणी त्या दबून राहत होत्या. पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी टीममध्ये न घाबरता बोलता येण्याचं महत्त्व मांडलं.

तुमच्याकडे महिनाभर कुणी एकही चूक सांगितली नाही, तर खूश होऊ नका. तेल जुनं झालंय, काटा बिघडलाय, गिऱ्हाइकाला चुकीचे पैसे परत गेलेत, हे तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये. चूक सांगणाऱ्याला पहिला शब्द 'बरं झालं सांगितलंस' असाच गेला पाहिजे. दुरुस्तीचं बोलणं त्यानंतर.

आता सरावाकडे: एक केस करून बघू

केस म्हणजे काय ते कळावं म्हणून आपल्या मुंबईचीच घेऊ, लिज्जत पापड. १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे त्याची देशभर पसरलेली संस्था झाली. पापड लाटणारी प्रत्येक बाई तिथे 'बहीण' आणि संस्थेची भागीदार. पीठ शाखेतून न्यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवून जमा करायचे.

वर्गात ही कथा ऐकून टाळ्या वाजवत नाहीत, प्रश्न विचारतात. काम हजारो घरांत विखुरलेलं आहे, मग दर्जा कोण सांभाळतं? सगळ्याच मालकीण असतील तर 'तुझे पापड जाड झालेत' हे कोण कुणाला सांगणार? भागीदारी दिल्याने पर्यवेक्षणाचा खर्च कमी होतो का? आणि शेवटी: हे मॉडेल तुमच्या मसाल्याच्या धंद्यात चालेल का? नाही चालणार, तर नेमकं कशामुळे?

प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं आणि ते कारणासहित मांडावं लागतं. हाच सराव.

मग पदवी घ्यायची का?

कॅनडाचे प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मध्ये एक पुस्तक लिहिलं, नावच मुळी 'मॅनेजर्स, नॉट एमबीएज'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याने कधी माणसं सांभाळलीच नाहीत, त्याला वर्गात बसवून मॅनेजर बनवता येत नाही. पण जो रोज माणसं सांभाळतोय, त्याने थांबून स्वतःच्या अनुभवाचा अभ्यास केला तर तो खूप शिकतो. पोहण्याचं पुस्तक काठावर बसून वाचलं तर कळतं, पण अंगात येत नाही.

माझं मत त्यांच्या जवळचं आहे. तीन परिस्थिती सांगतो, तुमची कुठली ते बघा.

पहिली: धंदा सुरू झालेला नाही, नोकरीचा अनुभवही नाही. फक्त 'लीडरशिप यावी' म्हणून कर्ज काढून एमबीए करू नका. आधी वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली, जमल्यास दोन-तीन माणसांची जबाबदारी असलेलं काम करा. एमबीएची इतर चांगली कारणं असू शकतात, जसं नोकरी, ओळखी, हिशोबाचं शिक्षण. ती असतील तर राज्याच्या सीईटीची तयारी जरूर करा.

दुसरी: धंदा चालू आहे, पाच-सात माणसं आहेत, दुकान सोडता येत नाही. मुक्त विद्यापीठाचा मार्ग बघा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. प्रवेशापूर्वी त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी यूजीसीची मान्यता आहे ना, हे स्वतः तपासा. एजंटच्या तोंडी शब्दावर पैसे भरू नका. पदवी नकोच असेल तर सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर नेतृत्वाचे कोर्स फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी.

तिसरी: धंदा दहा वर्षांचा, माणसं तीस-चाळीस, मधली फळी तयार करायची आहे. तुमच्यासाठी नोकरी-धंदा सांभाळून करायचे एक्झिक्युटिव्ह कोर्स खऱ्या अर्थाने उपयोगाचे. तुमच्याकडे प्रश्न तयार आहेत, वर्गात त्यांची उत्तरं शोधता येतील.

चार आठवड्यांचा गृहपाठ

पदवी घ्या अथवा घेऊ नका, एक शंभर पानी वही आणा.

- पहिला आठवडा: तुमच्याकडच्या प्रत्येक माणसाची मुख्य तीन कामं लिहा. प्रत्येक कामासमोर सांगा, पटवा, विचारा, सोपवा यांपैकी एक शब्द लिहा. तुम्ही सध्या तसंच वागताय का ते बघा.
- दुसरा आठवडा: चौकट लावा. वेळ, सुट्टी, उचल, पगाराची तारीख. एका पानावर लिहून सगळ्यांना वाचून दाखवा. नियम भाच्यालाही तोच.
- तिसरा आठवडा: रोज एकाला विचारा, "आज काय अडलं?" उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. मिळालेलं उत्तर वहीत उतरवा.
- चौथा आठवडा: एक दिवस दुकानात जाऊ नका. फोन किती वेळा आला आणि कशासाठी, ते लिहा. ज्या कामासाठी सगळ्यात जास्त फोन आले, ते काम पुढच्या महिन्यात कुणाला तरी शिकवून सोपवायचं.

चौथ्या आठवड्याचं ते पान जपून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा एक दिवस सुट्टी घ्या आणि फोन पुन्हा मोजा. आकडा खाली आला असेल तर तुमच्याकडे माणसं तयार होतायत. नसेल आला, तर पहिल्या आठवड्याचं पान उघडा आणि कुठल्या कामासमोर चुकीचा शब्द लिहिलाय ते शोधा.

पुढच्या भागात 'उचल' या एकाच विषयावर बोलू: किती द्यायची, कशी लिहायची, आणि नाही कशी म्हणायची.

तोवर वही आणा, कामाला लागा. भेटू!